बांच्या कुटीपाशी

विदर्भाचा दौरा ठरला की आमच्या मंडळींत दोन तट पडतात. खाण्याचे शौकीन असतात ते नागपूरच्या सावजी रश्श्याच्या आठवणीने खुलतात. आणि प्रयोग संपल्यावर ‘जरा बसायची’ ज्यांना सवय, ते यादीत वर्ध्याचे नाव दिसताच हिरमुसले होतात. गांधीजींचा जिल्हा म्हणून तिथे दारूबंदी आहे ना! मी या दोन्ही पंथांतली नव्हे. माझी आणि वर्ध्याची ओळख गोरसपाकापुरती. साजूक तुपातली ती खुसखुशीत बिस्किटे परतताना घरी न्यायची, एवढाच काय तो संबंध. चाळीस-एक वर्षांत पाच-सहा वेळा तरी मी या गावात प्रयोग केला असेल. पण हाकेच्या अंतरावरचे सेवाग्राम कधी पाहिले नव्हते.

सांगायला लाज वाटते, पण आम्हा नाटकवाल्यांचा प्रवास म्हणजे गावे न पाहण्याचा प्रवास. दुपारी पोचायचे, रंगपट किती मोठा, आरशापाशी दिवा आहे की नाही, पाणी येते की नाही हे पाहायचे. रात्री एक वाजता जेवायचे आणि सकाळी डोळे चोळत पुढच्या गावाच्या बसमध्ये चढायचे. कुणी विचारले, “काय हो, अमुक गाव कसं आहे?” तर आम्ही सांगणार, “तिथल्या नाट्यगृहाचा पंखा फार वाजतो.”

गेल्या हिवाळ्यात मात्र मी ठरवूनच गेले. दौऱ्याच्या यादीत वर्ध्यानंतरचा दिवस मोकळा होता आणि माझ्या पिशवीत कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा होता. त्याचे असे झाले की, एका प्रकाशकांनी माझे आत्मचरित्र मागितले होते. गृहस्थ सज्जन. आगाऊ रक्कमही देऊ करीत होते. जाताना मात्र दारात थांबून म्हणाले, “ताई, एकच विनंती. हातचं राखू नका. वाचकांना आतलं हवं असतं.” ते ‘आतलं’ काही मला सुचेना. सहा महिन्यांत जन्मतारीख आणि जन्मगाव यापलीकडे माझी लेखणी सरकली नव्हती. मनात आले, जिथे एका माणसाने आपले सगळे आयुष्य उघड्यावर मांडले होते, ते ठिकाण तरी एकदा पाहून यावे.

सकाळी आठ वाजता रिक्षा केली. रिक्षावाला तिशीतला, गळ्याभोवती मफलर. आरशातून दोनदा माझ्याकडे पाहिले आणि तिसऱ्यांदा पाहून म्हणाला,

“तुमी टीवीवर येता न जी?”

“येते.”

“थेच तं! सुनेले लय छळता तुमी. आमची घरवाली रोज शिव्या देते तुमाले. पण पाह्याचं काही सोडत नाही.”

“अहो, ते काम आहे माझं.”

“हाव, मले समजते. पण घरी सुनेसंगं अशाच वागता का जी?”

“मला सून नाही. एक मुलगी आहे.”

“मंग ठीक आहे,” असे म्हणून त्याने गियर बदलला. त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. माझ्या दृष्टीने तो तिथेच सुरू होत होता, पण ते त्याला कसे सांगणार?

चाळीस वर्षे रंगभूमीवर घालवली. मोलियरपासून वऱ्हाडी फार्सपर्यंत सगळे केले. पण लोकांच्या लक्षात राहिली ती संध्याकाळी साडेसातची सासू. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. माझ्यापेक्षा फार मोठ्या बायकांच्या वाट्याला हेच आले. ‘रामराज्य’ १९४३ साली पडद्यावर आला आणि शोभना समर्थ घराघरांत सीता होऊन बसल्या. गांधीजींनी जो एकच हिंदी बोलपट पाहिला असे सांगतात, तो हाच. म्हणजे त्या महात्म्यानेही एका मराठी नटीला सीतेच्या रूपात पाहिले! आणि आमच्या रोहिणी हट्टंगडी! ॲटनबरोसाहेबांच्या १९८२ च्या ‘गांधी’त त्यांनी कस्तुरबा केल्या तेव्हा त्या जेमतेम तिशीला टेकल्या होत्या. ऐन उमेदीत त्यांनी चौऱ्याहत्तर वर्षांच्या बांचे मरण उभे केले आणि विलायतेतला बाफ्टा पुरस्कार मिळवला. त्यानंतर दोनच वर्षांनी ‘सारांश’मध्ये त्या पुन्हा वृद्ध आई. तरुणपण पडद्याने त्यांना फारसे दिलेच नाही. एकदा केसांना पांढरा रंग लागला की आपल्याकडचे निर्माते तो धुऊ देत नाहीत!

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. काही शेतांत वेचणी चालली होती. बायकांनी कमरेला ओटे बांधलेले, आणि त्या ओट्यांमुळे सगळ्याच जणी पोटुशा दिसत होत्या. वर्धा हा कापसाचा मुलूख. हिंगणघाटचा कापूस प्रसिद्ध, पुलगावला कापडगिरणी होती. याच कापसाच्या व्यापारातल्या एका धनिकाने, जमनालाल बजाजांनी, गांधीजींना इथे आणले. त्यांनी आपले लक्ष्मीनारायणाचे देऊळ १९२८ साली अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले केले, त्याची देशभर चर्चा झाली होती. गांधीजी १९३० मध्ये दांडीला निघताना, स्वराज्य मिळाल्यावाचून साबरमतीला परतणार नाही असे म्हणून निघाले होते. ते १९३४ मध्ये वर्ध्याला आले, मगनवाडीत राहिले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव नावाच्या या खेड्यात आले. एप्रिलअखेरचे वर्ध्याचे ऊन ज्याने सोसले आहे, त्यालाच हे धाडस कळेल. बुलढाण्याच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल चुकू लागले, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले.

आश्रमात शिरले तेव्हा अंगणात नुकताच सडा पडला होता. उंच झाडे, त्यांखाली मातीच्या भिंतींची, कौलारू, बसकी घरे. गांधीजींनी १९३६ मध्ये लावलेला पिंपळ आता प्रचंड झाला आहे. माणसे हळू बोलत होती. रंगपटात तिसरी घंटा होण्यापूर्वी जशी शांतता असते तशी ही वाटली, आणि माझे मलाच हसू आले. कुठेही गेले तरी आम्हाला रंगपटच दिसायचा!

पहिले घर म्हणजे आदिनिवास. एकच मोठी खोली. इथे गांधीजी राहात, बा राहात, त्यांचे सहकारी राहात. पाहुणे आले की तेही इथेच. खान अब्दुल गफारखानांसारखा सहा फुटी पठाण पाहुणाही याच खोलीत उतरे. कोपरे वाटून घेतलेले. मध्ये पडदा नाही की भिंत नाही.

आमच्या पिढीतल्या चाळकरी वाचकांना यात काही विशेष वाटणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे आम्हीही काढली. पण चाळीत निदान दार असे, आणि आपल्या घरातले भांडण जगाच्या वर्तमानपत्रात छापून येत नसे. या खोलीत रोज देशभरातून माणसे येत, देशाचे राजकारण या चटईवर चाले. बाहेर कॅमेराही होता. गांधीजींचा नातू लागणारा कनू गांधी आश्रमात छायाचित्रे काढी. त्याला गांधीजींच्या तीन अटी होत्या : फ्लॅश वापरायचा नाही, ‘असे उभे राहा, इकडे पाहा’ म्हणायचे नाही, आणि आश्रमाकडे पैसे मागायचे नाहीत. आम्हा नटमंडळींना पोझशिवाय फोटो म्हणजे मिठाशिवाय जेवण! पण विचार करा, पोझ घेतो म्हणजे आपण काय करतो? बघणाऱ्याला सांगतो, की थांब, मी तयार होते, मग बघ. तेवढेसे एक दार आपण लावून घेतो. ज्या घरात पोझ घ्यायची नाही, त्या घरात तेवढेही दार उरत नाही.

गांधीजींना ते नकोच होते. त्यांचे मालिश, त्यांचे स्नान, पोटाच्या तक्रारी, रक्तदाब, सगळेच सार्वजनिक. बापूकुटीत त्यांची चटई आहे, डेस्क आहे, तीन माकडे आहेत. मीराबेनने भिंतीवर मातीत उठवलेला चरखा आणि ताडाची झाडे आहेत. साप मारू नयेत म्हणून ते पकडायचा पिंजरा आहे. व्हाइसरॉय लिनलिथगोने थेट बोलता यावे म्हणून बसवलेला टेलिफोनही पाहायला मिळतो. मातीच्या घरातला तो काळा टेलिफोन पाहून मला चार्ली चॅप्लिनची गोष्ट आठवली. लंडनला १९३१ साली चॅप्लिनला गांधीजींची भेट हवी होती, आणि गांधीजींना चॅप्लिन कोण हेच ठाऊक नव्हते! साऱ्या जगाला हसवणारा नट, आणि त्याला पंचा नेसलेल्या एका माणसाला समजावून द्यावे लागले, की मी कोण.

पण या माणसात नट नव्हता असे समजू नका. लहानपणी राजकोटला त्यांनी हरिश्चंद्राचे नाटक पाहिले, ढळाढळा रडले आणि मग मनातल्या मनात कितीदा तरी स्वतःच हरिश्चंद्र होऊन पाहिले, असे त्यांनीच लिहिले आहे. आम्ही भूमिका संपली की ती उतरवतो. त्यांनी ती उतरवलीच नाही, एवढाच फरक. आणि हरिश्चंद्र म्हटला की तारामती आली. नवऱ्याच्या सत्यापायी जी विकली जाते, जिचे मूल जाते, आणि जिला कुणी विचारीत नाही, की बाई, तुझी या सत्याला संमती आहे का?

तारामतीची आमच्या व्यवसायातली कथाही ऐकण्यासारखी आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामती व्हायला एकही स्त्री मिळेना. अखेर उपाहारगृहातला अण्णा साळुंके मिशा काढून तारामती झाला. पुढच्याच चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई या मायलेकींनी पडद्यावर पाऊल टाकले. आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे तारामती झाल्या. लाडांच्या घरची, कॉलेजात शिकलेली, दोन मुलांची आई. त्याआधी एका सामान्य बोलपटात त्यांनी छोटे काम केले, तर घराण्याची अब्रू गेली म्हणून गहजब झाला होता. एकोणीस वर्षांत तारामती पुरुषाकडून स्त्रीकडे आली खरी, पण तिच्या घरच्या उंबऱ्याचा हिशेब काही सुटला नाही. तो माझ्या वेळीही सुटला नव्हता. माझे लग्न ठरताना सासरच्या मंडळींनी एकच अट घातली होती, की घरात नाटकाच्या गोष्टी आणायच्या नाहीत. मला तेव्हा ती जुलमाची वाटली.

आदिनिवासाकडून चार पावलांवर बा-कुटी आहे. आश्रमातल्या सगळ्या घरांत लहानशी. माणसांच्या त्या गर्दीत बांची कुचंबणा होते हे जमनालालजींच्या ध्यानात आले आणि त्यांनी बांसाठी ही वेगळी कुटी बांधवून दिली, असे तिथे सांगतात. भोवतीची बकुळ बांनी लावलेली म्हणून दाखवतात. मी गेले तेव्हा बकुळीला फूल नव्हते.

मी बा-कुटीच्या ओट्यावर बसले. येणारी माणसे बापूकुटीत जात, तिथे हात जोडत, टेलिफोन पाहात, आणि इकडे नुसते डोकावून पुढे जात. डोकावून दिसण्यासारखे काही नाहीच. एक खोली. पण मला तिथून उठवेना. पंधरा-वीस वर्षांच्या मुलीने वेगळी खोली मागावी, यात नवल नाही. सदुसष्ट वर्षांच्या बाईला, जिने दागिने दिले, घर दिले, मुलांचे शिक्षण नवऱ्याच्या प्रयोगावर सोडले, दक्षिण आफ्रिकेत आणि इथे तुरुंग भोगला, तिला अखेर हवे काय होते? कपडे बदलायला आणि हुंदका देण्याजोगा एक आडोसा.

‘सत्याचे प्रयोग’ आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असतील. त्यात डर्बानच्या घरची एक हकीकत आहे. घरी राहणाऱ्या कारकुनाचे लघवीचे भांडे काढायला बा नाखूश होत्या. रडत रडत त्या ते घेऊन जिना उतरत होत्या. नवऱ्याचे म्हणणे, नुसते काढू नकोस, हसतमुखाने काढ! बांचा तोल सुटला, नवऱ्याचाही सुटला. त्याने तिला हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेले. ॲटनबरोसाहेबांच्या चित्रपटात हा प्रसंग आहे आणि रोहिणीताईंनी तो असा केला आहे की पाहणाऱ्याने मान खाली घालावी. पण मूळ हकिकतीतली एक गोष्ट मला त्या ओट्यावर बसल्यावर नव्याने दिसली. त्या अवस्थेतही बा नवऱ्याला काय म्हणाल्या? की आधी ते फाटक लावून घ्या, लोकांनी आपला तमाशा पाहायला नको.

गांधीजींनी फाटक लावले. लज्जितही झाले. आणि पुढे पाव शतकाहून अधिक काळाने तीच हकीकत ‘नवजीवन’ साप्ताहिकातून त्यांनी देशभर वाचायला दिली.

त्यांनी ती स्वतःचा दोष सांगण्यासाठी लिहिली, हे मला मान्य आहे. असे स्वतःला सोलून काढायला छाती लागते. पण त्या हकिकतीत भांडे घेऊन रडणारी बाई त्यांची एकट्याची नव्हती. ते आठवड्या-आठवड्याला छापून येत होते तेव्हा ती त्याच आश्रमात स्वयंपाकघरात वावरत होती. नवऱ्याने पापाची कबुली दोघांच्या वतीने दिली आणि फाटक पुन्हा उघडले. ते आजतागायत उघडेच आहे.

बांची स्वतःची बाजू? त्यांना जेमतेम लिहिता-वाचता येई. अगदी शेवटी आगाखान महालातल्या कैदेतही गांधीजी त्यांना शिकवायला बसत. त्यांची १९३३ सालची गुजराती रोजनिशी इंदूरला सापडली आणि पणतू तुषार गांधींनी २०२२ मध्ये ती प्रसिद्ध केली. मी फार अपेक्षेने वाचली. नटीची सवय, दोन ओळींच्या मधले शोधायची. तर पानोपानी आपला दिनक्रम : उठणे, प्रार्थना, कातणे, भेटायला कोण आले. पहिल्यांदा माझी निराशा झाली. बा-कुटीच्या ओट्यावर ती रोजनिशी आठवली, आणि वाटले, बाईने तिथेही दार लावून घेतले आहे.

आता माझी गोष्ट. ती सांगायची नव्हती, पण ती टाळून पुढे जाता येत नाही.

आमच्या व्यवसायात दुःख पोटात घालून उभे राहण्याला फार मान आहे. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग १९११ च्या मार्चमध्ये मुंबईत झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली होती आणि तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. ही कथा आम्हा सर्वांना तोंडपाठ असते. मीही दौऱ्यावर असताना वडील गेल्याचा निरोप आला त्या रात्री विनोदी नाटकाचे तीन अंक केले. आणि पुढे पंचवीस वर्षे प्रत्येक मुलाखतीत ते सांगितले. सांगता सांगता ते इतके घोटीव झाले, की कुठे थांबायचे, कुठे आवंढा गिळायचा हे ठरून गेले. वडील राहिले बाजूला, प्रवेश उत्तम वठू लागला. त्यांच्या आठवणीने मला शेवटचे खरे रडू कधी आले हे मला आज सांगता येणार नाही.

हे एक वेळ माझे माझ्यापाशी. पण एकदा एका दिवाळी अंकाच्या मुलाखतीत प्रश्न आला, “आई म्हणून एखादी खंत?” समोर मुलाखत घेणारी मुलगी मोठी गोड होती, चहा वाफाळत होता, आणि मी माझ्या लेकीच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगून टाकली. तिने ती मला रात्री दोन वाजता, दिवा मालवून, माझ्या कुशीत सांगितली होती. काय, ते इथे लिहीत नाही. एकदा छापले तेवढे पुरे झाले. मुलाखत फार गाजली. किती हृद्य, किती प्रामाणिक, अशी पत्रे आली. लेकीच्या कचेरीतल्या बायकांनीही अंक वाचला.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरे झाले असते. ती फक्त मला काही सांगेनाशी झाली. फोन करते, औषधे घेतेस ना विचारते, सणाला येते, हाताने पुरणपोळ्या करून घालते. “तू कशी आहेस ग?” म्हटले की, “बरी.” अकरा वर्षे मी हे ‘बरी’ ऐकते आहे. एका शब्दाचे किती अर्थ काढता येतात, ते मला तालमीत दिग्दर्शकांनी शिकवले होते. या ‘बरी’चा एकच अर्थ निघतो.

आणि मी प्रकाशकांसाठी ‘आतलं’ शोधत होते!

माझ्या आधीच्या बायकांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत असे नाही. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ १९७० मध्ये आले, अरुण साधूंना सांगून लिहविलेले. पडद्यावरची संत सखू स्वतःच्या दारूविषयी, विस्कटलेल्या संसाराविषयी अशी बोलली, की वाचणाऱ्यांना घाम फुटला. श्याम बेनेगलांनी त्यावरूनच १९७७ साली ‘भूमिका’ केला आणि स्मिता पाटील त्यात अजरामर झाली. दुर्गाबाईंचे ‘मी दुर्गा खोटे’ १९८२ चे. त्यांची रीत वेगळी, पदर सावरून सांगणारी. माझ्या तरुणपणी आम्ही वाद घालीत असू, की यांतले खरे कुठले? आम्हाला अर्थातच हंसाबाईंचे खरे वाटे. आज वाटते, आमचा प्रश्नच चुकला होता. हंसाबाईंनी स्वतःचे दार स्वतः उघडले. उभ्या आयुष्यात दुसऱ्यांनीच त्यांचे दार ढकलले होते, तेव्हा तेवढा हक्क त्यांचा होताच. पण मी त्या मुलाखतीत उघडले ते दार माझे नव्हते.

बांच्या आयुष्यात एक प्रसंग असा आहे, की तो मला रंगभूमीवर करायला मिळावा अशी फार इच्छा होती. थोरला मुलगा हरिलाल बापापासून तुटलेला, व्यसनात बुडालेला. अजित दळवींच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’ नाटकामुळे ही बापलेकांची कथा मराठी प्रेक्षकांना ठाऊक आहे. कटनी स्टेशनवर गाडी थांबली. फलाटावर गर्दी, ‘महात्मा गांधी की जय’चा घोष. आणि त्यात एकच आवाज निराळा : ‘माता कस्तुरबा की जय!’ पाहतात तो हरिलाल, फाटक्या अंगाने उभा. त्याने खिशातून एक संत्रे काढून आईला दिले, आणि हे तूच खा, म्हणून बजावले.

हजारो माणसांसमोर मायलेकरांची भेट. तो प्रवेश मी मनात कितीदा तरी केला आहे. संत्रे कसे घ्यायचे, डोळे कधी भरायचे, सगळे ठरवून. ओट्यावर बसल्या बसल्या सहज तो पुन्हा मनात सुरू झाला, आणि पहिल्यांदाच तो मला करता येईना. सारखे वाटू लागले, की या बाईने आधी डब्याची खिडकी लावून घेतली असती, जमले असते तर.

बांना ही कुटी फार वर्षे लाभली नाही. वर्ध्याला १९४२ च्या जुलैत काँग्रेसच्या कार्यकारिणीची बैठक झाली. ऑगस्टमध्ये मुंबईत ‘चले जाव’चा ठराव झाला, आणि नवव्या तारखेला धरपकड. बांनाही पकडले. २२ फेब्रुवारी १९४४ ला त्या पुण्यात आगाखान महालात, कैदेतच गेल्या. गांधीजी पुढे सेवाग्रामला परतले, बा परतल्या नाहीत. वर्ध्याच्या पठारावर कुठेतरी त्यांचे एक दार होते, ते त्यांना थोडीच वर्षे मिळाले.

दुपारी रिक्षावाल्यानेच आग्रह करून पवनारला नेले. धाम नदी तिथे खडकांतून वाहते आणि काठावर विनोबांचा आश्रम आहे. विनोबांनी १९५९ मध्ये तिथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढले. जमीन खणताना सापडलेली भरतभेटीची जुनी मूर्ती तिथे आहे. साध्या पांढऱ्या कपड्यांतल्या एक वयस्क बाई झाडाखाली भाजी निवडत होत्या. मी जवळ जाऊन बसले, त्यांनी काही न बोलता निम्मी मेथी माझ्याकडे सरकवली. अर्धा तास आम्ही दोघी मेथी निवडत होतो. त्यांनी मला नाव विचारले नाही, आणि मी टीव्हीवर येते हे त्यांना ठाऊक नव्हते. मला जरा चुकल्याचुकल्यासारखे झाले हे कबूल करते. चाळीस वर्षांची सवय अर्ध्या तासात कशी जाणार?

परतताना गोरसपाकाचे दोन पुडे घेतले. रिक्षावाल्याने पैसे घेताना बायकोसाठी सही मागितली. “काय लिहू?” म्हटले, तर म्हणाला, “लिहा जी, सुनेले आता छळणार नाही.” मी लिहून दिले. ते माझ्या हातात नाही, लेखकाच्या हातात आहे, हे सांगितले नाही.

मुंबईला आल्यावर प्रकाशकांना फोन करून आगाऊ रक्कम पाठवू नका म्हणून कळवले. नाटकांविषयी लिहीन, कुठल्या भूमिकेने काय शिकवले ते लिहीन. ते म्हणाले, “ताई, असं पुस्तक कोण वाचणार?” त्यांचेही बरोबर असेल.

मग हा लेख लिहिला, आणि गोरसपाकाचा एक पुडा घेऊन पुण्याला लेकीकडे गेले. लेख तिच्यापुढे ठेवला आणि म्हटले, “तुझ्याबद्दलचं आधी तू वाच. नको असेल ते खोड.” तिने चष्मा लावला, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून सगळा वाचला. किती वेळ लागला कुणास ठाऊक. मी गॅलरीत तिच्या कुंड्यांतली वाळकी पाने काढीत होते. तिने दोन वाक्ये खोडली. ती इथे नाहीत. आणि एक शब्द बदलला. मी ‘चौदा वर्षे’ लिहिले होते, तिथे तिने ‘अकरा’ केले.

“अकराच झाली, आई,” ती म्हणाली, आणि चहाचे आधण ठेवायला उठली.